पिकाच्या वाढीची नागमोडी रेषा व तिचे तीन आंकडे

शेतांत दोन पट्टे शेजारीं शेजारीं राखावे, एकास नवें खत द्यावें, दुसऱ्यास नेहमींचें द्यावें, आणि पेरणीनंतर पांचव्या आठवड्यांत बांधावर उभें राहून दोहोंची तुलना करावी, हा प्रघात आपल्याकडे सर्वत्र आहे. खत विकणारेही गिऱ्हाइकास बहुधा याच सुमारास शेत दाखवितात. त्या दिवशीं एका पट्ट्यांतील रोपें दुसऱ्याहून दीड वीत उंच दिसलीं म्हणजे खताची परीक्षा झाली असें समजून पैसे मोजले जातात. परंतु एका दिवसाच्या या पाहणींत दोन अगदीं भिन्न गोष्टी एकसारख्या दिसतात. खतानें पिकाची अखेरची वाढच अधिक केली असेल. किंवा अखेरची वाढ पूर्वीइतकीच राहून ती केवळ आठवडाभर आधीं आली असेल. पहिल्या गोष्टीस पैसा द्यावा हें उघड आहे. दुसरीस द्यावा कीं नाहीं, हें पीक कोणतें व हंगाम कसा यावर अवलंबून आहे. या दोहोंचा निवाडा डोळ्यांनीं होत नाहीं, हिशोबानें होतो. आणि ज्यास दशांश अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार येतो त्या कोणाही शेतकऱ्यास हा हिशोब घरीं बसून करतां येतो, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

वाढीची चाल

कोणतेंही हंगामी पीक घ्या. उगवणीनंतर कांहीं दिवस तें हळूहळू वाढतें. मग एकाएकी जोर धरतें व आठवड्यास वीत-दोन वीत चढतें. पुढें फुलोऱ्याच्या सुमारास तो जोर ओसरतो व अखेर वाढ थांबते. चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर दिवस व उभ्या रेषेवर उंची मांडून टिंबें जोडलीं, तर सरळ रेषा मिळत नाहीं. खालीं सपाट, मध्यें उभी व वर पुन्हां सपाट अशी, इंग्रजी एस् अक्षर ताणल्यासारखी नागमोडी रेषा मिळते. कारण सोपें आहे. वाढ दोन गोष्टींवर चालते: किती वाढ झालेली आहे यावर, कारण पानें जितकीं अधिक तितकें अन्न अधिक, आणि किती वाढ राहिलेली आहे यावर, कारण त्या झाडाची कमाल जवळ आली कीं वाव उरत नाहीं. आरंभीं पहिली गोष्ट अपुरी असते, अखेरीस दुसरी. दोन्ही भरपूर असतात त्या मध्यकाळांत वाढ सर्वांत वेगाची होते.

या चालीचें गणित प्रथम बेल्जम देशांतील व्हेरहुल्स्ट नांवाच्या गणितज्ञानें १८३८ सालीं लोकसंख्येच्या वाढीसंबंधानें मांडलें. अमेरिकेंत पर्ल व रीड यांनीं तेंच १९२० सालीं पुन्हां पुढें आणलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९१९ सालीं, एच्. एस्. रीड व हॉलंड यांनीं सूर्यफुलाच्या रोपांची उंची दर आठवड्यास मोजून तिची सरासरी प्रसिद्ध केली होती. ती मोजणी जुनी असली तरी स्वच्छ आहे, आणि सूर्यफूल आपल्याकडेही होतें. म्हणून तीच आम्ही उदाहरणास घेतों. उंची सेंटिमीटरांत आहे.

७ व्या दिवशीं १७.९३
१४ व्या दिवशीं ३६.३६
२१ व्या दिवशीं ६७.७६
२८ व्या दिवशीं ९८.१०
३५ व्या दिवशीं १३१.००
४२ व्या दिवशीं १६९.५०
४९ व्या दिवशीं २०५.५०
५६ व्या दिवशीं २२८.३०
६३ व्या दिवशीं २४७.१०
७० व्या दिवशीं २५०.५०
७७ व्या दिवशीं २५३.८०
८४ व्या दिवशीं २५४.५०

वसूल व बाकी

ज्यांनीं सरकारी दप्तर पाहिलें आहे त्यांस वसूल व बाकी हे शब्द सांगावयास नकोत. गांवची एकंदर मागणी ठरलेली असते. तींतून वसूल वजा केला म्हणजे बाकी. पिकाच्या वाढीचा हिशोबही याच रीतीनें मांडतां येतो. झाडाची कमाल उंची ही मागणी; आजवर झालेली उंची हा वसूल; आणि कमालींतून ती वजा जातां राहते ती बाकी. व्हेरहुल्स्टच्या रेषेचें सर्व मर्म एका वाक्यांत येतें: वसुलास बाकीनें भागून जें प्रमाण येतें, तें दर आठवड्यास एकाच ठराविक पटीनें वाढत जातें.

कमाल तूर्त २६० धरूं. ७ व्या दिवशीं वसूल १७.९३, बाकी २४२.०७, प्रमाण ०.०७४. १४ व्या दिवशीं वसूल ३६.३६, बाकी २२३.६४, प्रमाण ०.१६३. याच रीतीनें २१ व्या दिवशीं ०.३५२, २८ व्या दिवशीं ०.६०६, ३५ व्या दिवशीं १.०१६, ४२ व्या दिवशीं १.८७३, ४९ व्या दिवशीं ३.७७१, ५६ व्या दिवशीं ७.२०२, ६३ व्या दिवशीं १९.१६, ७० व्या दिवशीं २६.३७, ७७ व्या दिवशीं ४०.९४ व ८४ व्या दिवशीं ४६.२७ असें प्रमाण येतें. प्रत्येक प्रमाणास त्याच्या मागच्या प्रमाणानें भागलें म्हणजे आठवड्याची पट मिळते. त्या अकरा पटी अनुक्रमें अशा: २.२०, २.१७, १.७२, १.६८, १.८४, २.०१, १.९१, २.६६, १.३८, १.५५, १.१३. त्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्या तर मधली पट १.८४ येते.

येथें दोन इशारे देणें अवश्य आहे. पहिला असा कीं, शेवटची मोजलेली उंची हीच कमाल धरण्याचा मोह पुष्कळांस होतो. येथें २५४.५० हीच कमाल धरली तर शेवटच्या दिवशीं बाकी शून्य राहते, आणि शून्यानें भागतां येत नाहीं; हिशोब तेथेंच अडतो. कमाल ही मोजलेली गोष्ट नव्हे. सर्व मोजण्यांचा मेळ घालून ती काढावयाची असते.

दुसरा इशारा याहून महत्त्वाचा आहे. मधल्या आठवड्यांतील पटी बऱ्याच एकसारख्या आहेत, पण शेवटच्या चार पटी २.६६ पासून १.१३ पर्यंत विस्कळित आहेत. याचें कारण झाडांत नसून भागाकारांत आहे. ३५ व्या दिवशीं मोजपट्टी एक सेंटिमीटरानें चुकली व १३१ च्या जागीं १३२ लिहिलें गेलें, तर प्रमाण १.०१६ च्या ऐवजीं १.०३१ होतें, हा फरक शेंकडा दीड आहे. तीच एक सेंटिमीटराची चूक ७७ व्या दिवशीं झाली, तर बाकी ६.२० ची ५.२० होते व प्रमाण ४०.९४ चें ४९.०० होतें, हा फरक शेंकडा वीस झाला. मोजणारा तोच, पट्टी तीच, चूक तीच. परंतु बाकी थोडी राहिली कीं तीच चूक प्रमाणांत फुगून दिसते. म्हणून या पटींची सरासरी काढून तीवर विसंबूं नये. पटींचा उपयोग पहिला अंदाज बांधण्यापुरता करावा, आणि खरी पारख मूळ सेंटिमीटरांतच करावी.

तफावतीचा ताळा

आतां आपल्यापाशीं तीन आंकडे आहेत. पहिला कमाल, २६०. दुसरा, ३५ व्या दिवशींचें वसूल-बाकीचें प्रमाण. तें जवळजवळ १ आहे. तिसरा आठवड्याची पट, १.८५. एवढ्यावरून कोणत्याही दिवसाची उंची उलट काढतां येते. ३५ व्या दिवसाच्या पुढच्या प्रत्येक आठवड्यासाठीं प्रमाणास पटीनें एकदां गुणावें व मागच्या प्रत्येक आठवड्यासाठीं एकदां भागावें. आलेल्या प्रमाणास त्याच प्रमाणांत १ मिळवून भागावें. व त्यास कमालीनें गुणावें. उदाहरणार्थ, ४२ व्या दिवसाचें प्रमाण १.८५, त्यास २.८५ नें भागून २६० नें गुणलें म्हणजे १६८.८ सेंटिमीटर. मोजलेली उंची १६९.५०. तफावत ०.७.

अशा बाराही दिवसांच्या तफावती काढाव्या. परंतु त्यांची नुसती बेरीज करूं नये, कारण कांहीं अधिक व कांहीं उणे असल्यानें त्या एकमेकींस खाऊन टाकतात व वाईट रेषाही चांगली भासते. प्रत्येक तफावतीचा वर्ग करावा, म्हणजे उणें चिन्ह जातें व मोठ्या तफावतीस मोठा दंड बसतो. मग वर्गांची बेरीज करावी. ज्या तीन आंकड्यांनीं ही बेरीज सर्वांत लहान होते, ती रेषा सर्वांत योग्य. ही लघुतम वर्गांची रीत फ्रान्सांत लझांद्र यानें १८०५ सालीं व जर्मनींत गाऊस यानें १८०९ सालीं प्रसिद्ध केली. ग्रहांच्या कक्षा ज्या रीतीनें काढतात तीच आपण शेताच्या बांधावर वापरीत आहों.

२६०, १ व १.८५ या आंकड्यांनीं वर्गांची बेरीज २३४ येते. परंतु बेरजेबरोबर चिन्हेंही पहावीं. बारांपैकीं दहा ठिकाणीं मोजलेली उंची काढलेल्या उंचीपेक्षां अधिक आहे. म्हणजे आपली रेषा मागें राहिली आहे, तिला थोडें पुढें ओढलें पाहिजे. म्हणून दुसरा आंकडा १ चा १.०५ केला, बेरीज १४३ वर आली. १.०८ केला, १३० झाली. मग पट १.८५ ची १.९० करून पाहिली. बेरीज उलट १५७ झाली, म्हणून पट पुन्हां १.८५ केली. शेवटीं कमाल २६१, प्रमाण १.०६५ व पट १.८५ असे आंकडे घेतले. बेरीज १२७ झाली. यापुढें कोणताही आंकडा इकडे तिकडे सरकविला तरी बेरीज म्हणण्यासारखी उतरत नाहीं. येथें थांबावें. या शेवटच्या रेषेचा ताळा असा; पहिला आंकडा मोजलेल्या उंचीचा, दुसरा रेषेवरून काढलेल्या उंचीचा व तिसरा तफावतीचा आहे.

७ वा दिवस: १७.९, २१.८, उणे ३.८
१४ वा दिवस: ३६.४, ३७.६, उणे १.२
२१ वा दिवस: ६७.८, ६१.९, अधिक ५.८
२८ वा दिवस: ९८.१; ९५.४, अधिक २.७
३५ वा दिवस: १३१.०, १३४.६; उणे ३.६
४२ वा दिवस: १६९.५, १७३.१, उणे ३.६
४९ वा दिवस: २०५.५, २०४.८, अधिक ०.७
५६ वा दिवस: २२८.३, २२७.३, अधिक १.०
६३ वा दिवस: २४७.१; २४१.६, अधिक ५.५
७० वा दिवस: २५०.५, २५०.२, अधिक ०.३
७७ वा दिवस: २५३.८, २५५.०, उणे १.२
८४ वा दिवस: २५४.५, २५७.७, उणे ३.२

बारा मोजण्यांतून आपण तीन आंकडे काढले, म्हणजे परीक्षेस नऊ उरल्या. १२७ ला ९ नें भागून वर्गमूळ काढलें तर सुमारें पावणेचार सेंटिमीटर येतात. अडीचशें सेंटिमीटर उंचीच्या पिकांत एवढी सरासरी तफावत म्हणजे रेषा बरी बसली म्हणावयाची.

तीन आंकड्यांचा शेतांतील अर्थ

कमाल म्हणजे पिकाची अखेरची मजल. दुसऱ्या आंकड्यावरून अर्ध्या वाटेचा दिवस निघतो: आठवड्याची पट १.८५ म्हणजे एका दिवसाची पट सुमारें १.०९, ३५ व्या दिवशीं प्रमाण १ च्या पुढें १.०६५ पर्यंत गेलेलें आहे, म्हणजे प्रमाण बरोबर १ होतें तो क्षण पाऊण दिवस आधींचा, ३४ व्या दिवसाच्या थोडा पुढचा. याच वेळीं वाढ सर्वांत वेगाची असते. खताचा वरचा हप्ता व पाण्याची पाळी यांची निकड कोणत्या आठवड्यांत सर्वांत अधिक, हें ताडण्यास या दिवसाचा उपयोग होतो. पट म्हणजे पिकाची घाई. ती जितकी मोठी तितका वाढीचा काळ आंखूड.

आतां आरंभींच्या दोन पट्ट्यांकडे येऊं. समजा, एका पट्ट्याची चाल वरील रेषेप्रमाणें आहे, आणि दुसऱ्याची कमाल व पट तीच असून त्याची सर्व वाढ बरोबर एक आठवडा आधीं होते. ३५ व्या दिवशीं पहिला पट्टा १३४.६ सेंटिमीटर व दुसरा १७३.१ सेंटिमीटर असेल. अंतर ३८.५ सेंटिमीटरांचें, म्हणजे दीड वितीहून अधिक. बांधावर उभा असलेला कोणीही मनुष्य दुसऱ्या पट्ट्यासच कौल देईल. ८४ व्या दिवशीं तेच दोन पट्टे २५७.७ व २५९.२ असतील. अंतर दीड सेंटिमीटराचें. मोजणीच्या तफावतींत तें बुडून जाईल. दोन रेषांमधील अंतर अर्ध्या वाटेच्या सुमारास सर्वांत मोठें असतें, आणि शेत पाहण्यास लोक जातात तेही त्याच सुमारास. म्हणून एका दिवसाच्या उंचीवरून खताचा, बियाण्याचा वा औषधाचा सौदा करूं नये. दोन्ही पट्ट्यांचे तीन तीन आंकडे काढावे, व फरक कमालींत आहे कीं दिवसांत आहे हें पाहून मग किंमत ठरवावी.

वाढ आठवडाभर आधीं येण्यासही कोठें कोठें किंमत असते हें आम्ही नाकारीत नाहीं. परतीचा पाऊस हुलकावणी देणाऱ्या टापूंत किंवा त्याच शेतांत पुढें रब्बी घ्यावयाची असल्यास आठवडा मोलाचा आहे. पण तेव्हांही आपण आठवडा विकत घेत आहों, उत्पन्न नव्हे, हें समजून पैसे द्यावे. शिवाय उंची म्हणजे दाणा नव्हे. ज्या पिकांत कडबा नको, दाणा हवा, तेथें कणसाचें वाळलेलें वजन दर आठवड्यास घेऊन हीच रीत त्यास लावावी.

अर्ध्या मोजणीचा धोका

पुष्कळ जण पिकाची उंची आरंभीं उत्साहानें मोजतात व पांच-सहा आठवड्यांनीं कामाच्या गर्दींत मोजणी सोडतात. अशा अर्ध्या वहीवरून कमाल काढूं गेल्यास काय होतें तें पहा. वरील सूर्यफुलाच्या पहिल्या पांचच मोजण्या घ्या. कमाल २००, २१ व्या दिवशींचें प्रमाण ०.४८ व पट २ धरली, तर पांच तफावतींच्या वर्गांची बेरीज सुमारें २६ येते. कमाल १६०, प्रमाण ०.७३ व पट २.३ धरली, तर सुमारें २७. म्हणजे कागद दोन्ही कमालींस जवळजवळ सारखाच कौल देतो, आणि दोहोंमध्यें ४० सेंटिमीटरांचें अंतर आहे. उलट २६१ च्या ज्या रेषेनें बाराही मोजण्यांचा मेळ घातला, तिची या पांचांपुरती बेरीज ७० आहे. ३५ व्या दिवशीं जो हिशोबास बसता, त्यानें २६१ ही कमाल टाकून दिली असती व १६० किंवा २०० पत्करली असती. आणि पीक तर पुढें २५४ च्या वर गेलें. गणित येथें खोटें नव्हतें. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्या वहींत नव्हतें. रेषा वरच्या बाजूस वळून सपाट होऊं लागेपर्यंत मोजणी झाली नसेल, तर कमालीचा आंकडा कोणी कितीही दशांश स्थळांपर्यंत सांगितला तरी त्यावर कर्ज काढूं नये.

ठराविक रेषा बसत नसेल तेव्हां

वरील ताळ्यांतील तफावती पुन्हां पहा. २१ व २८ व्या दिवशीं अधिक, ३५ व ४२ व्या दिवशीं उणे, ४९ ते ७० पर्यंत अधिक व शेवटीं उणे, अशा त्या गटागटानें आल्या आहेत. तफावती केवळ मोजणीच्या असत्या तर चिन्हें इतकीं गटानें येतीं ना. शेवटीं रेषा २६१ कडे चढत आहे आणि पीक २५४ च्या आसपास एकदम थांबलें आहे. म्हणजे व्हेरहुल्स्टची रेषा या पिकास बरी बसते, पण तंतोतंत नाहीं.

अशा वेळीं आपल्या पिकाच्या चालीस साजेल अशी रेषा आपणच बेतावी लागते. शिंपी जसा अंगाचें माप घेऊन कापड बेततो, तसेंच हें आहे. ज्या पिकाची वाढ लवकर जोर धरते व मग फार दिवस रेंगाळते, त्यास गॉम्पर्ट्झची रेषा बरी पडते; ती १८२५ सालीं मनुष्यांच्या मृत्युमानाच्या हिशोबासाठीं निघाली, व तिच्यांत सर्वाधिक वेग कमालीच्या निम्म्यावर न येतां शेंकडा ३७ च्या सुमारास येतो. आपल्या सूर्यफुलास ती चालणार नाहीं, कारण तें रेंगाळत नाहीं, झटकन् थांबतें. रिचर्ड्स यानें १९५९ सालीं एक चौथा आंकडा घालून अशी रेषा दिली कीं, तिचा वळणबिंदु पाहिजे तेथें सरकवितां येतो. पण प्रत्येक नवा आंकडा एक मोजणी खातो. बारा मोजण्यांत चार आंकडे चालतील. सहा मोजण्यांत चार आंकडे म्हणजे मापाच्या कपड्याऐवजीं नुसतें अंगाला चिकटविलेलें कापड होय. ती रेषा या वर्षाच्या टिंबांतून सुरेख जाईल व पुढच्या वर्षीं कांहीं उपयोगी पडणार नाहीं.

उलटी रेषा: खारवट जमीन

हीच रेषा उलटी फिरविली म्हणजे कालव्याखालील खारावणाऱ्या जमिनीचें चित्र होतें. नीरा व कृष्णा यांच्या कांठच्या बागायतदारांस हें दुःख ठाऊक आहे. जमिनींतील खारटपणा वाढत जातो तसें उत्पन्न आधीं हळूहळू, मग झपाट्यानें उतरतें. १९८४ सालीं व्हान गेनुख्टेन व हॉफमन यांनीं यासाठीं एक रेषा सुचविली. तिच्यांतही तीनच आंकडे आहेत. एक, खार नसतांना येणारें पूर्ण उत्पन्न. दोन, ज्या खारटपणास उत्पन्न निम्मे होतें तो आंकडा. आणि तीन, उतरणीचा घात, जो पुष्कळ पिकांत ३ च्या सुमारास येतो. येथें वसूल-बाकीच्या जागीं तूट व हातीं आलेलें पीक यांचें प्रमाण घ्यावें. निम्म्या उत्पन्नाच्या खारटपणास तें १ असतें. खार त्याच्या निम्मा असेल तर निम्म्याचा घन, म्हणजे अष्टमांश: नऊ भागांपैकीं एक भाग तूट, आठ भाग पीक. खार दुप्पट झाला तर आठ: आठ भाग तूट व एक भाग पीक.

यांतील धोका शेतकऱ्यानें नीट ध्यानांत घ्यावा. नवव्या हिश्शाची तूट पावसाच्या वा रोगाच्या नांवावर सहज खपून जाते, कोणी तिची चौकशी करीत नाहीं. पण तेथून खार दुप्पट झाला कीं निम्में पीक गेलें, आणि आणखी दुप्पट झाला कीं शेत पडीक. म्हणून चर खणण्याची वेळ ती पहिली लहान तूट दिसते तेव्हांची आहे. दोन-तीन वर्षें मातीची तपासणी व उत्पन्न यांची नोंद शेजारीं शेजारीं ठेवली, तर आपण या रेषेच्या कोणत्या भागावर उभे आहों हें कागद सांगतो.

मोजणी कशी ठेवावी

पेरणीचा दिवस शून्य धरावा. प्रत्येक पट्ट्यांतून दहा-पंधरा रोपें निवडून त्यांस दोरा बांधावा, व शेवटपर्यंत तींच मोजावीं. दर खेपेस डोळ्यांत भरतील तीं रोपें मोजूं नयेत. निवड चिठ्ठ्या टाकून करावी, कारण मनुष्याचा हात आपोआप चांगल्या झाडाकडे जातो. पीक कापणीच्या प्रयोगांत शेताचा तुकडा आंख मिटून, आंकड्यांच्या कोष्टकावरून निवडतात तो याच कारणासाठीं. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं ही पद्धत आपल्या देशांत रुजविण्याचें मोठें कार्य केलें, आणि वि. गो. पानसे यांच्यासह १९५४ सालीं शेतकी प्रयोगांच्या आंकडेशास्त्रावर ग्रंथही सिद्ध केला. मोजणी ठराविक वारीं, ठराविक वेळीं करावी, आणि वाढ थांबल्यावरही निदान तीन आठवडे चालू ठेवावी. तीं शेवटचीं निरस वाटणारीं टिंबेंच कमाल ठरवितात. प्रत्येक खताचे पट्टे एकाहून अधिक असावे. एकाच खताच्या दोन पट्ट्यांच्या कमालींत जेवढें अंतर पडतें, त्याहून दोन खतांमधील अंतर मोठें असेल तरच तें खरें मानावें.

ज्यांच्या घरीं संगणक आहे त्यांस हें सर्व गुणाकार-भागाकार हातानें करण्याचें कारण नाहीं. आंकडे तक्त्यांत भरून, तीन घरांतील आंकडे बदलून वर्गांची बेरीज लघुतम करावी अशी आज्ञा दिली कीं क्षणांत उत्तर येतें. परंतु त्या यंत्रासही पहिला अंदाज आपणच द्यावा लागतो. कमाल ५ व पट १०० असा भलताच अंदाज दिला तर यंत्र भलतीकडेच जातें, आणि तितक्याच ऐटीनें भलतें उत्तर देतें. म्हणून वसूल-बाकीचा पहिला हिशोब हातानें करावाच, व यंत्राचें उत्तर आल्यावर तफावतींचीं चिन्हें स्वतः वाचावीं.

येत्या हंगामांत आपल्या संघाच्या सभासदांनीं निदान दोन पट्ट्यांची अशी वही ठेवावी, व हंगाम संपल्यावर तिची नक्कल मासिकाकडे पाठवावी. दिवस व उंची एवढे दोनच रकाने पुरेत. तीन आंकडे काढण्याच्या कामीं आम्ही साह्य करूं.